पंखाखालचं कुंभारणीचं घर

आई,

उद्या सकाळी मला परत विमानात बसायचं आहे आणि मला भीती वाटते. हे मी अजून कुणालाच बोलून दाखवलेलं नाही. घरात बोलले तर नवरा लगेच "मग सोड ना" म्हणेल, आणि तिकडं विमानं ठेवतात त्या हँगरमध्ये बोलले तर ज्यांना मी उडायला शिकवते ती पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतील. तुला सांगायला हरकत नाही. लहानपणी मी "भीती वाटते" म्हटलं की तू "कशाची?" एवढंच विचारायचीस आणि पोळ्या लाटत राहायचीस. उत्तर सांगता सांगता माझी निम्मी भीती ओसरायची, उरलेली गरम पोळी खाताना. तर कशाची ते सांगते. जरा भांडायचंही आहे, कारण यात तुझा हात आहे.

कुंभारीण आठवते का तुला? बारीक कमरेची, पिवळ्या पायांची ती गांधीलमाशीसारखी माशी. तोंडात ओल्या मातीची गोळी धरून यायची आणि गुणगुणत भिंतीवर लिंपत बसायची. आपल्या पडेगावच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिनं मातीचं घर केलं होतं, मुठीएवढं. दर दिवाळीला बाबा चुन्याची बादली घेऊन उभे राहायचे आणि तू स्टुलावर चढून त्या घराला हाताचा आडोसा करायचीस. "त्येवढं सोडून लावा," म्हणायचीस. "लेकरासाठी बांधलंय तिनं." मग पांढऱ्या भिंतीवर तो मातकट गोळा वर्षभर तसाच दिसायचा आणि येणारा जाणारा विचारायचा, हे काय ठेवलंय? तू मला दाखवून सांगायचीस, ही आली ती याच घरामागून. लग्नानंतर पुष्कळ वर्षं तुला मूल नव्हतं. कुंभारणीनं चौकटीवर घर केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात मी झाले, असा तुझा हिशेब. मी हट्ट केला की "कुंभारणीनं आणलेली हाय, ऐकंल कशाला" असं शेजारणीला सांगायचीस. मला ते ऐकायला फार आवडायचं. डॉक्टरनं आणलेल्या पोरी वर्गात ढिगानं होत्या, माशीनं आणलेली मी एकटीच.

पण तू काही नुसती भाबडी नव्हतीस. तुझे कुकर आठवतात. कॉलनीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे डबे तू करायचीस, सकाळी ओट्यावर कुकरांची रांग. प्रत्येक झाकण लावण्याआधी तू ते खिडकीकडं धरायचीस, शिट्टी बसते त्या भोकातून उजेड दिसतो का बघायचीस आणि मग एक जोराची फुंकर. एकदा घाईत मी न बघताच झाकण लावलं. डाळीचं साल अडकलं होतं. बराच वेळ शिट्टी नाही म्हणून मी खूश, डाळ शांतपणे शिजते आहे म्हणून. मग फाटकन आवाज झाला आणि वरण छताला. तू मला मारलं नाहीस. माझा दंड धरून भिंतीपाशी नेलंस आणि म्हणालीस, "गप बसलेल्या कुकरला भ्यायचं. वरडतो त्याला न्हाई." भाजली असती पोर, एवढंच नंतर दिवसभर पुटपुटत होतीस.

आता विमानाचं ऐक. विमान किती वेगानं चाललंय हे आत बसलेल्याला कळत नाही. खालची जमीन बघून कळतं असं लोकांना वाटतं, पण विमानाला जमिनीशी काही घेणं नसतं, त्याला हवा लागते. पंखांवरून पुरेशा वेगानं हवा गेली नाही तर विमान तरंगत नाही, दगड होतं. म्हणून पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, तोंड पुढं करून. पिटो म्हणतात तिला. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि दाब देतो. विमानाच्या अंगाला दुसरीकडं एक बारीक भोक असतं, तिथून नुसती आजूबाजूची शांत हवा आत येते. या दोन दाबांतला फरक मोजून मीटरचा काटा सांगतो की वेग इतका. एवढंच. एवढ्या अवजड यंत्राचा जीव तुझ्या कुकरच्या भोकासारख्या एका भोकावर. शिकायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मी सवयीनं त्या नळीला तोंड लावून फुंकर मारायला गेले. आमचे सर इतक्या जोरात ओरडले की हँगरवरची कबुतरं उडाली. फुंकलं की मीटरच्या आतला नाजूक पडदा फाटतो म्हणे. तुझी शिकवण तिथं उलटी पडली आणि मी सगळ्यांसमोर लाल झाले. तुला घरी येऊन सांगितलं असतं तर पोट धरून हसली असतीस, पण तू तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या नळीला लाल कापडाची टोपी असते, लांब पट्टी लोंबणारी, उडताना काढायची आणि उतरल्यावर घालायची. पुस्तकात तसं आहे. आपल्याकडं काय चालतं तुला माहीत आहे. दिवसभर एकामागून एक खेपा असतात, मग कोण सारखी काढघाल करणार? सकाळी काढायची आणि संध्याकाळी घालायची, मधे विमान उन्हात तसंच उभं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि काही झालं नव्हतं. त्यात आमच्या हँगरच्या मागं धुण्याचा नळ आहे, तिथं बारा महिने चिखल.

आणि तिथं मावशी आहेत. हँगर झाडतात, चहा करतात, आमच्या डब्यातली भाजी चाखून मीठ कमी आहे म्हणून सांगतात. त्यांना माझं सगळं माहीत आहे. म्हणजे दवाखान्यांचं. तुला मी हे कधी सांगितलं नाही, सांगणार कशी. आम्हालाही मूल नाही, आई. तुझ्यापेक्षा जास्त वर्षं झाली. एकदा रिपोर्ट घेऊन तशीच ड्यूटीवर आले आणि मोरीत तोंड धुताना रडू आवरलं नाही, तेव्हा मावशींनी पाठीवरून हात फिरवला होता. त्यानंतर त्यांनी कुठल्या कुठल्या देवाला काय काय नवस बोलले ते त्यांनाच ठाऊक. मी हसण्यावारी नेत होते.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर मी माझ्या नेहमीच्या विमानात बसले. शेजारी पाचोडची एक मुलगी होती, माझी विद्यार्थिनी. चांगली आहे, हात हलका आहे, फक्त घाबरली की श्वास धरून बसते. तिनं विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, नळीच्या तोंडात डोकावून बघितलं, काही दिसलं नाही. चिखल आत खोलवर होता आणि ओला होता, नळी अजून पुरती बुजलेली नव्हती. धावपट्टीवर पळताना काटा हलला. "स्पीड आला," ती म्हणाली, आणि आम्ही उठलो.

जालना रोड मागं पडतो. आम्ही दक्षिणेला वळतो, वर चढतोय. खाली चितेगावच्या कंपन्यांचे पत्रे उन्हात चमकतात. हवा छान आहे, मी डब्यात उरलेल्या मेथीचा विचार करतेय. मुलगी म्हणते, "मॅडम, स्पीड लई वाढायलाय." मी काट्याकडं बघते. खरंच वाढतोय. चढताना नाक थोडं वर घेतलं की वेग कमी होतो, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी म्हणते, "नाक वर घे." ती घेते. काटा तरी चढतोच आहे. "अजून घे," मी म्हणते. मीच म्हणते, आई. माझ्याच तोंडानं. ती अजून घेते, समोरची जमीन दिसेनाशी होते, काचेत नुसतं आभाळ. इंजिनाचा आवाज जड झालाय, विमान हाकायचा दांडा हातात ढिला लागतोय, आणि काटा मात्र म्हणतोय की तुम्ही सुसाट निघालाय.

मग शिट्टी वाजायला लागते. विमानाच्या पंखात एक भोंगा असतो. वेग फार पडला, आता विमान तरंगणार नाही, असं झालं की तो रडल्यासारखा वाजतो. तो त्या नळीवर चालत नाही, त्याचा वारा वेगळा. म्हणजे समोरचा काटा सांगतोय वेग फार आहे, आणि भोंगा सांगतोय वेग संपला. दोघांतला एक खोटा आहे आणि कुठला ते ठरवायला मला एक श्वासभर वेळ आहे. मला वाटतं तेवढ्यात मी तुझ्या ओट्याशी जाऊन आले. तू म्हटलं होतंस गप बसलेल्याला भ्यायचं, ओरडणाऱ्याला नाही. पण इथं तर ओरडणाराच खरं सांगत होता आणि मी त्यालाच भ्यायला हवं होतं. तुझं वाक्य मला उपयोगी पडलं असं मी खोटं सांगणार नाही. उलट माझा त्यानं घोटाळा केला. विमान थरथरायला लागलं आणि डावा पंख खाली गेला, तेव्हा मी भानावर आले. मुलगी श्वास धरून दांडा पोटाशी ओढून बसली होती. "सोड," मी म्हणाले. ती सोडेना. तिला ऐकूच येत नव्हतं. मी तिच्या हातांवर हात ठेवून दांडा पुढं ढकलला.

आता काचेत नुसती जमीन. शेतं, एक विहीर, पत्र्याची शेड, सगळं वर येतंय. आपण खाली पडतोय हे पोटाला कळतंय, वारा किंचाळतोय, आणि काटा? काटा हळूहळू उतरतोय. म्हणे वेग कमी होतोय. तेव्हा मला कळलं. वाऱ्याच्या रेट्यानं नळी पुरती बुजली होती आणि आत हवा कोंडली होती. कोंडलेली हवा तशीच राहते आणि बाहेरची हवा वर जावं तशी विरळ होते, मग फरक वाढतो आणि काट्याला वाटतं वेग वाढला. खाली आलं की उलटं. तो वेग सांगतच नव्हता, आम्ही किती उंच आहोत ते बघून मनचं बोलत होता. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते, परीक्षेला घालते. आकाशात ते समोर आलं तेव्हा मी ओळखलं नाही.

विमान सरळ झालं. मुलगी म्हणाली, "मॅडम, काय व्हायलंय?" मी म्हणाले, काही नाही, मीटर बिघडलंय. टॉवरला सांगितलं. त्यांनी धावपट्टी मोकळी केली. आणि मग परतीची वाट सुरू झाली, ती मला अजून संपल्यासारखी वाटत नाही. कारण आई, काटा खोटा आहे हे कळलं म्हणून डोळा तिकडं जायचा थांबत नाही. जसजसं खाली येतोय तसतसा काटा पडतोय. इतका पडतोय की या वेगाला विमान हवेत असूच शकत नाही. एवढ्या वर्षांची माझी सवय म्हणते पळव, पळव, पडशील. डोकं म्हणतं, इंजिनाचा आवाज ऐक, नाक क्षितिजाच्या खाली किती आहे ते बघ, तेवढंच खरं. मी बघते आणि परत डोळा काट्यावर. शेवटी मी त्या मुलीला म्हणाले, "हात ठेव त्याच्यावर. झाकून टाक." तिनं आपला तळहात मीटरवर ठेवला. घाबरलेल्या माणसाचं तोंड झाकावं तसा. आणि मला श्वास घेता आला. आम्ही जरा जास्तच वेगानं आलो, धावपट्टीवर बराच वेळ टेकेचना, मग टेकलो. कडेला आगीचा बंब उभा होता. विमान थांबलं, इंजिन बंद केलं, तरी तिचा हात मीटरवरच होता. मी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

नळी उघडली तेव्हा आत ओला चिखल आणि चिखलाच्या मागं बारीक कोळी, अर्धमेले, पाय हलवणारे. तुला हे माहीत होतं का? कुंभारीण ते आपल्या अळीला खायला भरून ठेवते. आपल्या चौकटीवरच्या त्या घरातही तेच असणार. सगळे गोळा होऊन बघत होते. मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या, डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बया. मोडलं व्हय?"

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"व्हय मॅडम. सकाळधरनं येरझाऱ्या घालायली व्हती. म्या म्हणलं, एवढी इमानं उभी हायती, पर तिनं तुमच्याच इमानात घर धरलं. तुमच्यासाठीच धरलं. म्हणून म्या कुणाला हाकलू दिलं न्हाई. तिचं घर मोडू नाय, मॅडम."

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आता सांगवत नाही. तुम्ही आम्हाला मारलं असतं, असं बोलले. त्यांचा चेहरा उतरला, ट्रेमधले पेले वाजायला लागले. त्यांना त्या नळीचं काय माहीत? मी त्यांच्याशी बोलत नव्हतेच, आई. मी स्टुलावर उभ्या असलेल्या तुझ्याशी बोलत होते. त्यांच्या जागी तू असतीस तर तूही तेच केलं असतंस. पदराचा आडोसा करून उभी राहिली असतीस पंखाखाली, माझ्यासाठी. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त भिववते. माझं वाईट चिंतणाऱ्यापासून मी जपून राहीन. जे माझ्या भल्यासाठी हात जोडून उभे आहेत त्यांच्यापासून कशी जपू?

वरच्या साहेबांना सांगायचं होतं ते मी खरं सांगितलं, की टोपी आम्ही घालत नव्हतो आणि माशी शिरली. मावशींचं नाव घेतलं नाही, घ्यायचं कारण नव्हतं. टोपी घालणं त्यांचं काम नव्हतं, आमचं होतं. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले तर त्या माझ्या आधीच रडल्या. आता कुठलंही विमान उतरलं की त्याच लाल टोपी घेऊन पळतात, आम्ही पट्टा सोडायच्या आत. नळापाशी कुंभारीण दिसली की हातवारे करून तिला समजावतात, "बाई, तिकडं भिंतीला बांध की, मोप भिंत हाय." पोरं हसतात. मी हसत नाही.

तेव्हापासून मी कुकर लावलेला नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या घरातली शिट्टी ऐकून ओटा घट्ट धरून उभी राहिले, मग उघड्या पातेल्यात वरण शिजवायला लागले. नवरा म्हणतो चव चांगली लागते. हँगरमध्ये त्या मुलीनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की मॅडम जराबी भ्याल्या न्हाईत. तिला दुसऱ्या सरांबरोबर पाठवायचं ठरत होतं, ती म्हणाली, गेले तर मॅडमसोबतच जाईन, न्हाई तर पाचोडला जाते. म्हणून उद्या. मी नाही म्हटलं तर ती खरंच जाईल, आणि मग ती भीती पाचोडला तिच्या घरात आयुष्यभर राहील. मी हो म्हटलंय. हो म्हटल्यापासून माझे तळहात ओले आहेत. हा कागदसुद्धा ओला झालाय.

पडेगावचं घर कधीच विकलं. नव्या माणसांनी चौकट काढून लोखंडी दार बसवलंय. तू गेलीस तेव्हा या शहराचं नावसुद्धा दुसरं होतं. त्यामुळं हे पाठवायचं कुठं हा प्रश्न नाही. पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं, कारण पुढचं वाचून तू जिंकल्यासारखी हसशील.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सरकती आहे. बरेच दिवस ती अर्धी उघडीच आहे. धूळ येते, डास येतात, नवरा रोज विचारतो हिला झालंय काय, आणि मी सांगते रूळ अडकलाय, माणूस बोलवायला हवा. रूळ अडकलेला नाही. रुळाच्या कोपऱ्यात कुंभारणीनं घर केलंय, त्या दिवसाच्या आधीपासून. विमानातून उतरून घरी आले तेव्हा मी पहिल्यांदा उलथनं घेऊन तिथं गेले होते. मावशींना मी जे बोलले ते सगळं त्या माशीला ऐकवलं. उलथनं मातीला टेकवलंसुद्धा. आत कोळी आहेत, अळी आहे, दुसरं काही नाही, हे मला नळीत बघून पक्कं माहीत आहे. तरी हात पुढं गेला नाही. आज संध्याकाळीही गेले होते. मनाशी म्हटलं, उद्या उडायचंय, आज नको, सुखरूप उतरून आले की बघू. आणि खरं सांगू का, तेही कारण खरं नाही. उतरून आले तरी मी ती खिडकी लावणार नाही.